माहीमचा खारा वारा, १९८४ची पद्मिनी आणि न हलणारे बोल्ट

८ जानेवारी २०२४ला सोसायटीचं पत्र आलं. मागच्या अंगणात उभी असलेली गाडी एक तर चालू करा, नाहीतर हलवा. भाषा सभ्य होती आणि तक्रार खरी होती. आईची प्रीमियर पद्मिनी चार वर्षं जागची हलली नव्हती. खालच्या फरशीवर गंजाच्या पाण्याचा तपकिरी डाग पडला होता आणि पावसात तो नळाच्या जाळीपर्यंत ओघळत जायचा.

गाडी आईच्या नावावर, नोव्हेंबर १९८४मध्ये नोंदलेली. तेव्हा या गाड्या इथेच, कुर्ल्याच्या कारखान्यात बनत. आई शिक्षिका होती. पस्तीस वर्षं तिने ही गाडी स्वतः चालवली, स्टिअरिंगवरच्या गिअरसकट. शेवटची चालवली मार्च २०२०मध्ये. २५ तारखेला पाडवा होता म्हणून आदल्या दिवशी तिने वॉचमनकडून गाडी पाइपने स्वच्छ धुऊन घेतली, चाकांच्या आतपर्यंत. त्याच रात्रीपासून टाळेबंदी लागली आणि गाडी ओलीच उभी राहिली. ही धुण्याची गोष्ट पुढे किती महत्त्वाची ठरणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

कागदांची स्थिती अशी होती. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आईने १९९९पासून एकही नूतनीकरण चुकवलं नव्हतं. २०१९मध्ये केलेलं २१ नोव्हेंबर २०२४ला संपणार होतं. मुदत उलटली की महिन्याला पाचशे रुपये उशिराचा दंड लागतो. म्हणजे दहा महिन्यांत गाडी तपासणीला स्वतःच्या चाकांवर जाईल, अशी करायला हवी होती.

त्याआधी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याला विचारलं. तो २२,००० म्हणाला. आई म्हणाली, "विचारलंस ते बरं केलंस. आता कामाला लाग."

मी एका कंपनीत हिशेब पाहते. पाना धरायची सवय सायकलपुरतीच. म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे. माझ्यासारखं कुणी जुन्या गाडीसमोर रविवारी सकाळी उभं असेल आणि पहिलाच नट हलत नसेल, तर त्याला पुढे काय करायचं ते कळावं.

१४ जानेवारीला, रविवारी, सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी चूक झाली. शेजारच्या काकांनी त्यांच्या वडिलांची हत्यारांची पेटी प्रेमाने आणून दिली. ती पेटी ॲम्बेसेडरची होती. ॲम्बेसेडर मूळची इंग्रजी मॉरिस, तिचे पाने इंचाचे. पद्मिनी मूळची इटालियन फियाट, तिला मिलिमीटरचे पाने लागतात. हे मला माहीत नव्हतं. पुढच्या बंपरच्या बोल्टला ११/१६चा पाना छान बसला असं वाटलं. ११/१६ इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर आणि बोल्टचं डोकं सतराचं. ही अर्ध्या मिलिमीटरची फट डोळ्यांना दिसत नाही. गंजलेल्या बोल्टला मात्र ती लगेच कळते. मी पूर्ण वजन टाकलं, पाना कर्रकन फिरला आणि डोक्याचे सहाही कोपरे गोल झाले. हात मडगार्डच्या कडेवर आपटून बोटाची सालं निघाली. (धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच संध्याकाळी घेतलं. गंजाच्या कामाला हात घालण्याआधीच ते घेऊन ठेवा.)

पुढच्या शनिवारी मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले. तिथल्या एका दुकानदाराने दोन सॉकेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखे बसणारे पाने, शेजारी शेजारी ठेवून दाखवले, एक बारा कोनांचा आणि एक सहा कोनांचा. गंजलेल्या कामाला नेहमी सहा कोनांचाच घ्यायचा. तो बोल्टला कोपऱ्यांवर न धरता सपाट बाजूंवर धरतो. सहा कोनांचा सॉकेट सेट, दोन फुटी दांडा, तारेचे ब्रश, हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि चार स्टँड असं मिळून ६,२०० रुपये झाले. स्टँडला मिस्त्री लोक घोडी म्हणतात. यात काटकसर करू नका. जुन्या गाडीचा तळ कुजलेला असतो, जॅक लावायची जागा पत्र्यासकट आत जाऊ शकते. घोडी ॲक्सलखाली किंवा भक्कम भागाखालीच लावायची आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

तिथून प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन रसायनांच्या दुकानातून एक लिटर ॲसिटोन घेतलं आणि घराजवळच्या ऑटोपार्टवाल्याकडून पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल, एटीएफ. ही दोन्ही निम्मी निम्मी मिसळून तेलाच्या कुपीत भरायची. ती नीट एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी कुपी हलवून घ्यायची. तयार फवाऱ्याचा डबाही मी आणला होता. पण तो जास्त करून पाणी हटवायच्या कामाचा असतो आणि खोल गंजाला त्याचा फारसा उपयोग होत नाही, हे दोन रविवार वाया गेल्यावर लक्षात आलं. ॲसिटोन भडकन पेटतं. उघड्यावरच वापरा आणि जवळ आगकाडी नको. रंगावर पडलं तर रंगही जातो.

मिस्त्रीकाका भेटले फेब्रुवारीत. त्यांनी तीस वर्षं टॅक्सीच्या पद्मिनी दुरुस्त केल्या. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, त्याआधीच त्यांनी गॅरेज बंद केलं होतं. आता ते धारावीत मुलाकडे असतात. आईच्या शाळेतल्या शिपायाने नंबर दिला. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं आणि एकाही गोष्टीला हात न लावता म्हणाले, "ताई, आज काही खोलायचं नाही. आज फक्त तेल पाजायचं."

मला ते वेळकाढूपणाचं वाटलं. त्यांनी सांगितलेलं कारण मात्र तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, तिथे गंज फुगतो आणि दोघांना आतून आवळून धरतो. समुद्राच्या हवेतलं मीठ हे काम जोरात करवून घेतं. आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे. जोर लावला की जोर जातो बोल्टच्या मानेवर, गंज तिथेच राहतो आणि मान तुटते. तेल आत झिरपायला हवं, आणि तेलाला वाट हवी म्हणून ठोकायला हवं. ठोकायचं म्हणजे मारायचं नाही. लहान हातोडीने बोल्टच्या डोक्यावर सरळ, टक टक टक, वीस-पंचवीस वेळा. मग तेल, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मी रोज ऑफिसला जाण्याआधी दहा मिनिटं हे करू लागले. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करायचे, मग दोन थेंब, मग ठोकणं. वहीत प्रत्येक बोल्टला नंबर दिला आणि तारखा लिहिल्या. बंपरचा तो गोल झालेला बोल्ट अकराव्या दिवशी सुटला. त्याच्यावर सोळाचा सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसवला होता. सुटताना त्याने बारीक किंचाळी फोडली. ती आईने दुसऱ्या मजल्यावरून ऐकली आणि खिडकीत आली.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीकाकांकडून कळली. पहिल्यांदा बोल्ट आवळायचा, सोडवायचा नाही. अगदी एक केसभर आवळला की गंजाची पकड मोडते. मग उलटा फिरवायचा. पाव फेरा सुटला की पुन्हा त्याच्या निम्मा आत, तेल, पुन्हा बाहेर. सुटायला लागला म्हणून एका दमात काढायचा मोह होतो. तसं केलं की गंजाचा भुगा आट्यांत अडकतो आणि अर्ध्यावर बोल्ट पुन्हा जाम होतो. टॅपने भोकात आटे पाडताना जसं पुढे-मागे करतात तसंच.

मार्चमध्ये मी हे सगळं माहीत असूनही एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तोडला.

१७ मार्च. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे, नट. आधीचे तीन चांगले सुटले होते. चौथ्याला मी फक्त चार दिवस तेल दिलं होतं. पाना लावला, तो थोडा फिरला, मला वाटलं सुटला. पण ते सुटणं नव्हतं, पिळणं होतं. सुटणारा नट एक झटका देतो आणि मग हलका होतो. पिळला जाणारा स्टड झटका देत नाही, ओल्या दोरीसारखा मऊ वाटत जातो. हा फरक हाताला कळेपर्यंत टक असा आवाज आला आणि नट स्टडच्या तुकड्यासकट सॉकेटमध्ये राहिला. मी तिथेच फरशीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. या गाडीचा हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचा आहे. तुटलेल्या स्टडचा सहा-सात मिलिमीटरचा दांडा त्याच्या बाहेर उरला होता.

ड्रिल मारून आत उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा, असा सल्ला मला तिघांनी दिला. काकांनी फोनवर तो साफ नाकारला. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही, आणि ड्रिल थोडं तिरकं गेलं तर मऊ ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. त्यांनी ओळखीचा वेल्डर आणला. त्याने उरलेल्या दांड्यावर एक नवा नट चढवला आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरलं. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडला धोका कमी. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं. नट लाल होता तो काळा पडेपर्यंत थांबले. मग काकांनी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शोषलं गेलं, जसं कोरड्या जमिनीत पाणी जातं तसं. पाना लावला, आधी आवळला. नाही हलला. पुन्हा तापवला, पुन्हा मेण. तिसऱ्या खेपेला तो आला, दोन बोटांनी फिरवता येईल इतका सैल.

वेल्डरचे १,२०० रुपये. नवे स्टड टाकताना आट्यांना तांब्याची ग्रीस लावली. अशी ग्रीस प्रत्येक सुटलेल्या बोल्टला लावा, पुढच्या वेळी कुणाला हा त्रास होणार नाही.

उष्णतेबद्दल एवढं लक्षात ठेवा. ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही, थेट वितळतं. त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असलेल्या बाजूला ज्योत नेऊच नका. आम्ही टाकी फेब्रुवारीतच उतरवून ठेवली होती. आत चार वर्षांचं पेट्रोल वार्निशासारखं घट्ट झालेलं. ते गटारात ओतू नका. मी ते बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला दिलं, तो वापरलेल्या तेलाबरोबर ते पाठवतो. आणि ब्रेक क्लीनर फवारलेल्या भागावर कधीही वेल्डिंग करू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असलेले द्रव असतात, ते तापले की विषारी वायू होतो.

इंजिनाची मला सर्वांत जास्त भीती होती आणि ते सर्वांत शहाण्यासारखं वागलं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे तेच मिश्रण घातलं, भोकं कापडाच्या बोळ्यांनी बंद केली आणि तीन आठवडे वाट पाहिली. दर चार दिवसांनी थोडं थोडं वाढवत गेले. ५ मेला चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी ढकलायचा बेत होता, पण चाकंच फिरत नव्हती. मग इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटला लांब दांडा लावून काकांनी हळूच दाबला आणि पुली बोटभर सरकली. मागे, पुढे, मागे, पुढे. संध्याकाळपर्यंत पूर्ण फेरा झाला. त्या तेलासकट स्टार्टर मारू नका. आधी प्लग काढून ठेवून हाताने फिरवा आणि तेल बाहेर उडू द्या, नाहीतर पिस्टनवर द्रव दबतो आणि रॉड वाकतो. पुढे हेड उतरवून रिंगा आणि गॅस्केट बदलले, २८,००० रुपये लागले.

चाकं का फिरत नव्हती? पाडव्याची धुलाई. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आत पाणी राहिलं, ड्रमच्या आतल्या बाजूला गंज चढला आणि ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे, त्याला चिकटून बसले. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "धुतल्यावर मी नेहमी पोर्तुगीज चर्चपर्यंत एक चक्कर मारून ब्रेक वाळवायचे. त्या दिवशी खाली उतरताच येईना."

ड्रमसाठी चार रविवार गेले. ॲडजस्टर मागे घेऊन लायनर सैल करायचे, पण ॲडजस्टरही जाम. त्यांना आठवडाभर तेल, मात्र अगदी बाहेरून आणि मोजून. लायनरला तेल लागलं की ते फेकावेच लागतात. आमचे तसेही जाणार होते. मग लाकडाचा ठोकळा धरून ड्रमच्या कडेवर गोल फिरत ठोकायचं, एकाच जागी नाही. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, थेट लोखंडी हातोडा मारला तर कड तडकते. मागचं डावं चाक शेवटी सुटलं २ जूनला. आतून चहाच्या पावडरीसारखा गंज मूठभर पडला. ही धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून फडक्याने पुसा आणि मास्क लावा. ब्रेकचं सगळं सामान नवीन घातलं, ११,५०० रुपये. त्यातले दोन सिलिंडर ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळाले, बाकी चार दुकानं फिरल्यावर कुर्ल्याला.

९ जूनला पाऊस आला. उघड्यावरचं काम थांबलं आणि मला काळजी वाटू लागली. पुन्हा सगळं गंजेल का? आधी गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री असायची. काकांनी ती काढायला लावली. खालच्या जमिनीची वाफ आत कोंडते आणि पत्रा चोवीस तास घामाघूम राहतो. आम्ही बांबू रोवून ताडपत्री चार फूट वर ताणली आणि गाडीवर नुसती जुनी सुती चादर टाकली.

पावसाळाभर गच्चीवरच्या पत्र्याखाली छोट्या भागांचं काम केलं. बिजागऱ्या, कंस, पेडलचा दांडा. प्लास्टिकच्या टबात पाणी, पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा (खायचा नव्हे). गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एक टाकाऊ लोखंडी सळई धन टोकाला. दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायच्या नाहीत. बारा व्होल्टवर रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटून येतो आणि खालचं लोखंड जराही झिजत नाही. ॲसिडमध्ये ते झिजतं. स्टीलचा चमचा किंवा स्टेनलेसची पट्टी धन टोकाला कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून बंद खोलीत हे करायचं नाही आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत.

मुंबईच्या पावसाळ्यात एक अडचण हमखास येते. टबातून काढलेला स्वच्छ राखाडी भाग तासाभरात पुन्हा नारिंगी होतो. मी आधी तीन बिजागऱ्या अशा गमावल्या. मग टबाशेजारीच केस वाळवायचं यंत्र आणि प्रायमरचा डबा ठेवू लागले. काढला, धुतला, गरम हवेने वाळवला, हात न लावता प्रायमर. घामाच्या बोटाचा ठसासुद्धा दुसऱ्या दिवशी गंज होऊन दिसतो.

गणपतीच्या सुमारास पत्र्याचं काम आणि रंग झाला (३२,०००), टायर, बॅटरी, वायरिंग आलं. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. १५ सप्टेंबरला गाडी अंगणात स्वतःहून सुरू झाली. पण विमा आणि पीयूसी नसताना तिला फाटकाबाहेर काढता येत नव्हतं. थर्ड पार्टी विम्याचा दर १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तेव्हा ३,४१६ रुपये होता, वर जीएसटी. विमा घेऊन पीयूसी केंद्रावर गेले. पहिल्यांदा नापास झाली. कार्बोरेटर ट्यून करून घेतल्यावर पास.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करता येतो. २५ सप्टेंबरला परिवहनच्या संकेतस्थळावर नमुना २५ भरला. त्याला आईचा मोबाइल नंबर गाडीच्या नोंदीशी जोडलेला लागतो. तो नव्हता, आधी तो जोडून घेण्यात चार दिवस गेले. तुम्ही हे काम महिनाभर आधी करून ठेवा. नूतनीकरणाचे ५,००० (तेव्हाचा दर, वीस वर्षांवरच्या गाड्यांना तो २०२५मध्ये वाढला), पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००, स्मार्ट कार्डाचे २००, टपाल वेगळं.

१४ ऑक्टोबरला तपासणी होती. दिवे, हॉर्न, ब्रेक सगळं ठीक. मग निरीक्षकांनी बॉनेटखाली टॉर्च मारली आणि चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. शेवटून दुसरा आकडा उमटलाच नाही. तीन की आठ, कळेना. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, नंबर स्वच्छ करून आणा. कागदावर दिसला पाहिजे." त्यांचं बरोबर होतं. घरी येईपर्यंत मात्र माझ्या पोटात गोळा होता. नऊ महिने केलेलं काम एका आकड्यावर येऊन थांबलं होतं.

काकांनी पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "त्या पत्र्याला ग्राइंडर नाही, तारेचा ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही." तिथे एक जरी ओरखडा दिसला तरी नंबराशी छेडछाड झाली असा संशय येतो आणि मग प्रकरण कुठच्या कुठे जातं. आधी आहे त्या स्थितीचे फोटो काढले, तारखेसह. मग रंग काढायचं द्रव कापसाने फक्त आकड्यांवर. रंगाचे तीन थर निघाले, त्याखाली गंज. चार चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक कप कोमट पाण्यात विरघळवलं, त्यात कापूस भिजवून नंबरावर ठेवला आणि वर प्लास्टिक चिकटवलं. दोन तासांनी मऊ टूथब्रश. पुन्हा नवा कापूस. रात्री अकरा वाजेपर्यंत असे चार वेळा. पाण्याने पुसून लगेच वाळवलं आणि खडू आडवा फिरवला. आकड्यांच्या खाचांमध्ये पांढरं भरलं.

आठ होता. डावीकडचे दोन्ही बाक अगदी उथळ राहिले होते, पण होते. आईने चष्मा लावून आरसी बुकाशी एकेक आकडा मोठ्याने जुळवला. वर पातळ पारदर्शक ग्रीसचा हात दिला, रंग नाही.

२८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, पुन्हा गेलो. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्या धामधुमीआधी काम व्हावं म्हणून मी मिळेल ती पहिली तारीख घेतली होती. पेन्सिलीची छाप पहिल्या फेरीत उमटली. सगळं मिळून पाऊण तास. कार्ड डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आलं, २०२९पर्यंतचं. उच्च सुरक्षा नंबरप्लेट २०२५मध्ये बसवली, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. मिस्त्रीकाकांनी हातमजुरीचे २५,००० घेतले. ते मी मनात धरलेल्या रकमेपेक्षा कमी होते आणि वाढवून द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. सरकारी शुल्क आणि विमा सोडून एकूण खर्च एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास गेला.

आता आई दर रविवारी सकाळी सातला शिवाजी पार्कला एक फेरी मारते. गुडघ्यामुळे क्लच तिला जड जातो, म्हणून परतताना मी चालवते. धुतलेल्या गाडीची चक्कर ती अजूनही स्वतःच मारते, ब्रेक वाळवायला.

एक काम राहिलं आहे. तिच्या बाजूच्या दाराची पुढची त्रिकोणी काच. तिची खालची खुंटी अजून जाम आहे. दार उघडून खोलली तर काच तडकेल, आणि ती जुनी काच पुन्हा मिळणं अवघड. त्यामुळे डॅशबोर्डच्या कप्प्यात तेलाची कुपी ठेवली आहे. फेरी संपली की आई दोन थेंब सोडते, बोटाच्या पेराने चौकटीवर टकटक करते आणि काच अगदी हलकेच दाबून बघते. गेल्या रविवारी ती एक सूत हलली.